‘तां’ची कथा आणि लबोर्न्यची भाषा

इतिहास आणि मानवी शरीर यांच्या सीमेवर घडलेल्या विचित्र व भयंकर सत्यकथांचे संग्रह सर्वत्र आवडीने वाचले जातात. त्यांत पॅरिसच्या ‘तां’ या रुग्णाची कथा बहुधा असतेच. ती सांगण्यास चार वाक्ये पुरतात. बिसेत्रच्या रुग्णालयात एकवीस वर्षे राहिलेल्या एका माणसाला एकच अक्षर उच्चारता येत असे. 1861 मध्ये तो मरण पावताच पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याचे मस्तक उघडले. मेंदूच्या डाव्या बाजूस पुढे एक पोकळी सापडली, आणि वाणीचे स्थान मानवास कळले. तो मेंदू आजही बरणीत आहे.

यातील एकही विधान सर्वस्वी खोटे नाही, ही या कथेची खरी अडचण होय. खोटे असते तर खोडून काढता आले असते. येथे घडले आहे ते निराळेच. ब्रोकाने त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेल्या सविस्तर टिपणात रुग्णाच्या भाषाव्यवहाराविषयी जे काही नोंदले होते, ते कथा सांगणाऱ्यांनी एकेक करून गाळले आणि बरणी तेवढी ठेवली. भाषेविषयीची ही सर्वांत प्रसिद्ध रुग्णकथा भाषेखेरीज इतर सर्व गोष्टींनी भरलेली आहे. म्हणून ती पुन्हा एकदा मूळ नोंदीशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम प्रसंग. कपाळामागील मेंदूच्या भागात, म्हणजे ललाटखंडात, वाणीचे स्थान असावे असे मत बुयो या वैद्याने 1825 पासून मांडले होते. ललाटखंडांना मोठी इजा होऊनही वाचा शाबूत राहिल्याचे उदाहरण दाखविणाऱ्यास त्याने 1848 मध्ये पाचशे फ्रँक देऊ केले होते. पॅरिसच्या मानवशास्त्र मंडळात 1861 च्या एप्रिलमध्ये हा वाद पुन्हा पेटला, तेव्हा बुयोची बाजू त्याचा जावई ओबुर्तँ लढवीत होता. त्याने पुराव्यादाखल सांगितलेली हकीकत ‘तां’पेक्षाही अंगावर काटा आणणारी आहे. एका माणसाने स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. कपाळाचे हाड उडून गेले होते आणि ललाटखंड उघडे पडले होते. पण तो शुद्धीवर होता व बोलत होता. सँ-लुई रुग्णालयात तो बोलत असतानाच उघड्या मेंदूवर रुंद पात्याच्या हत्याराने हलका दाब देण्यात आला. त्याचे बोलणे शब्दाच्या मध्येच तुटले. दाब काढताच ते पुन्हा सुरू झाले. काही तासांनी तो माणूस मरण पावला.

या प्रयोगाच्या नैतिकतेविषयी आजचा वाचक जे म्हणेल ते म्हणो. भाषाभ्यासकाचे लक्ष मात्र दुसऱ्या एका उणिवेकडे जाते. तो माणूस काय बोलत होता, तो शब्द कोणता, तुटला तो कोठे, आणि दाब काढल्यावर उरलेला शब्द पुरा झाला की नवे वाक्य सुरू झाले? या मंडळींच्या दृष्टीने बोलणे हे पाण्याच्या तोटीसारखे होते: एक तर चालू, नाही तर बंद. लबोर्न्य जेथे येऊन पोहोचला ते वातावरण हे असे होते, आणि म्हणूनच ब्रोकाच्या टिपणाचे मोल वाढते. वाचा ‘गेली’ एवढे म्हणून तो थांबला नाही. काय गेले आणि काय उरले याची त्याने मोजदाद केली.

रुग्णाचे आडनाव लबोर्न्य होते, आणि ब्रोकाने ते छापले आहे. पुढच्या कथाकारांनी ते सोडून दिले आणि रुग्णालयातील सोबत्यांनी ठेवलेले ‘तां’ हे टोपणनाव उचलले. तो जोड्यांचे लाकडी कलबूत घडविणारा कारागीर होता. तरुणपणापासून त्यास अपस्माराचे झटके येत. तिसाव्या वर्षी वाचा गेली, आणि दोनतीन महिन्यांनी तो बिसेत्रला दाखल झाला. सुमारे दहा वर्षांनी उजवा हात लुळा पडू लागला, मग उजवा पाय. अखेरची काही वर्षे तो अंथरुणास खिळला होता. त्याच पायात पू होऊन तो सडू लागला, तेव्हा 11 एप्रिल 1861 रोजी त्याला शल्यविभागात आणले गेले. 17 एप्रिलला तो वारला. दुसऱ्याच दिवशी त्याचा मेंदू मानवशास्त्र मंडळापुढे मांडलेला होता. म्हणजे ज्या ओळखीवर वाणीशास्त्राचा एवढा डोलारा उभा राहिला, ती अवघ्या आठवड्याभराची होती. आणि त्या आठवड्यात रुग्ण मरणपंथास लागलेला होता.

तरीही त्या आठवड्यात ब्रोकाने पुष्कळ पाहिले. कोणताही प्रश्न विचारला तरी रुग्ण ‘तां तां’ असे म्हणे, बहुधा दोनदा. आणि त्यासोबत निरनिराळे हावभाव करून आपले बहुतेक म्हणणे कळवी. त्याला बोललेले जवळजवळ सर्व समजत असे. घड्याळातील वेळ तो ओळखी. बिसेत्रमध्ये किती वर्षे झाली असे विचारल्यावर त्याने डावा पंजा चार वेळा उघडून दाखविला आणि मग एक बोट वर केले: एकवीस. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारले, तेव्हा आपली परीक्षा चालली आहे हे त्याच्या ध्यानात आले; तो संतापला, आणि त्याच्या तोंडून शिवी बाहेर पडली.

ही शिवी कथांतून नाहीशी झाली आहे. काही ठिकाणी ती येते, पण गंमत म्हणून. वस्तुतः सर्व टिपणात भाषाशास्त्राच्या दृष्टीने याहून महत्त्वाची नोंद नाही. आपले हावभाव समोरच्यास कळले नाहीत की लबोर्न्य चिडे आणि तेव्हाच, केवळ तेव्हाच, ‘साक्रे नों द द्यू’ असे म्हणे. देवाच्या पवित्र नावाची ही फ्रेंच भाषेतील जुनी व सरसकट वापरातली शिवी. तिच्यात जास्तीत जास्त पाच अक्षरे आहेत. स, न, द ही व्यंजने आहेत, ‘क्र’ हे जोडाक्षर आहे, अनुनासिक स्वर आहे. ज्या जिभेला हे सर्व जमते तिला ‘ब्रेड’ किंवा ‘पाणी’ का जमू नये? जीभ लुळी नव्हती हे ब्रोकानेही तपासले होते. हरवले होते ते उच्चार घडविण्याच्या कृतीचे स्मरण, असे तो म्हणतो. पण शिवीच्या वेळी ते स्मरण कोठून आले?

याचे उत्तर पुढे 1878 पासून ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज मज्जावैद्याच्या लेखमालेत मिळू लागले. काही सांगण्यासाठी शब्द जुळवणे ही एक गोष्ट, आणि भावनेच्या भरात तयार उद्गार बाहेर पडणे ही दुसरी. मेंदूच्या इजेत पहिली जाते, दुसरी राहू शकते, असे त्याचे प्रतिपादन होते. ‘वाचा बसली’ या मराठी वाक्प्रचारात हा भेद नाही. भीतीने दातखीळ बसलेला आणि मेंदूत रक्तस्राव झालेला, दोघांचीही वाचा सारखीच ‘बसते’. आपल्याकडील अभ्यासकास येथे भर्तृहरीच्या वैखरी-मध्यमेची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण तो मोह आवरलेला बरा. लबोर्न्यची वैखरी गेली व मध्यमा उरली असे म्हटल्याने शिवीचा उलगडा होत नाही, कारण शिवी ही उघडउघड वैखरीच आहे.

ब्रोकाच्या टिपणात या शिवीविषयी आणखी एक बारकावा आहे. ओबुर्तँने पाहिलेल्या एका वाचाहीन रुग्णाचा उल्लेख ब्रोका आधी करतो, आणि लबोर्न्यची शिवी नेमकी तीच होती असे सांगतो. याला तिसरे उदाहरण पाच वर्षांनी मिळाले. 1866 च्या मार्चमध्ये बेल्जियममधील नाम्यूर येथील चर्चमध्ये कवी शार्ल बोदलेर कोसळला. नंतर उजवे अंग गेले, वाचा गेली, आणि ‘क्रे नों’ एवढाच उद्गार उरला: तीच शिवी, शेपूट तुटलेली. त्याची शुश्रूषा करणाऱ्या ब्रुसेल्समधील जोगिणींना तो उद्गार असह्य झाला, हे प्रसिद्धच आहे. 31 ऑगस्ट 1867 रोजी तो पॅरिसमध्ये वारला. फ्रेंच भाषेचा एवढा मोठा धनी आणि कलबूत घडविणारा कारागीर यांच्याजवळ अखेरीस एकच ठेव उरावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ती शिवी दोघांपैकी कोणाचीच रचना नव्हती. ती समाजाने घडवून दिलेली, अखंड, न जुळवता वापरायची वस्तू होती, म्हणूनच टिकली. तथापि वाङ्मयेतिहासात बोदलेरचा ‘क्रे नों’ शोकान्तिका म्हणून सांगितला जातो, आणि लबोर्न्यचा तोच उद्गार सांगितलाच जात नाही. प्रतिभेच्या माणसाची वाणी जाते. कारागिराचा फक्त मेंदू सापडतो.

आता ‘तां’ या अक्षराविषयी. इंग्रजी पुस्तकांवरून ही कथा वाचणारा मराठी वाचक ते ‘टॅन’ असे म्हणेल. फ्रेंच उच्चारात त व अनुनासिक दीर्घ आ एवढेच आहे. शेवटी न नाही. हा भेद शुद्धलेखनापुरता नाही. रोमान याकोब्सन याने 1941 मध्ये स्वीडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात मुलांची भाषा व वाचाघात यांचा संबंध मांडला: मूल जे ध्वनी उशिरा शिकते ते वाचाघातात लवकर जातात. फ्रेंचमधील अनुनासिक स्वर हे त्याच्या मते उशिरा येणाऱ्यांपैकी. मग ज्या माणसाजवळ एकच अक्षर उरले, त्याच्या त्या अक्षरात नेमका अनुनासिक स्वरच कसा? नियमाप्रमाणे ‘ता’ किंवा ‘पा’ उरायला हवे होते. ‘टॅन’ म्हटले की हा प्रश्नच उद्भवत नाही आणि उदाहरण निमूटपणे नियमात बसल्यासारखे वाटते. याकोब्सनची उपपत्ती याने कोसळते असे नव्हे. ती ध्वनींच्या विरोधव्यवस्थेविषयी आहे, आणि ज्याच्याजवळ एकच अक्षर आहे त्याच्याजवळ विरोध कसला? ‘तां’ हे बहुधा शिवीसारखेच अखंड उरलेले होते, ध्वनी जुळवून केलेले नव्हते. पण मग ‘त्याला एक अक्षर बोलता येत असे’ हे कथेतले वाक्यही तपासावे लागते. ते अक्षर तो बोलत होता, की ते त्याच्याकडून निघत होते?

या प्रश्नाच्या दृष्टीने ब्रोकाचा दुसरा रुग्ण अधिक बोलका आहे, आणि कथासंग्रहांत त्याला जागाच नाही. ललों नावाचा हा चौऱ्याऐंशी वर्षांचा, पूर्वी मातीकाम करणारा म्हातारा 1861 च्या शरद ऋतूत मांडीचे हाड मोडून ब्रोकाकडे आला. दीड वर्षापूर्वी त्याची वाचा गेली होती. त्याच्याजवळ पाच शब्द होते: होय, नाही, नेहमी, स्वतःचे मोडके नाव ‘ललो’, आणि ‘त्वा’. हा शेवटचा शब्द म्हणजे फ्रेंच ‘त्र्वा’, अर्थात तीन. आपल्याकडील लहान मूल ‘प्रकाश’चे ‘पकाश’ करते त्याच जातीची ही मोडतोड आहे. येथे याकोब्सनला दाद द्यावी लागते. पण खरी मौज पुढे आहे. ललोंला कोणतीही संख्या विचारली तरी तो ‘त्वा’ म्हणे आणि त्याच वेळी बोटांनी खरी संख्या दाखवी. मुले किती? ‘त्वा’, आणि चार बोटे. त्यांत मुलगे किती? ‘त्वा’, आणि दोन बोटे. म्हणजे ‘त्वा’चा अर्थ त्याच्यापुरता ‘तीन’ असा राहिला नव्हता. तो ‘संख्या’ असा झाला होता, आणि कोणती संख्या हे बोट सांगे. शब्द व हावभाव यांनी आपसांत काम वाटून घेतलेली ही एक इवलीशी पण सुसंगत व्यवस्था आहे. पाच शब्दांची का होईना, ती भाषा होती. लबोर्न्यकडे ही वाटणी नव्हती. त्याचे ‘तां’ काहीच वाटून घेत नव्हते, सगळा भार हातावर होता, आणि हातही पुढे एकच उरला. दोघांची वाचा एकाच नावाखाली ‘गेली’, पण दोन घरे निराळ्या तऱ्हेने जळाली होती.

नावाचाही वाद झाला. ब्रोकाने या अवस्थेस ‘आफेमी’ म्हटले. त्रुसोने 1864 मध्ये त्याऐवजी ‘आफाझी’ हा शब्द पुढे केला, कारण ग्रीकमध्ये ब्रोकाच्या शब्दाचा अर्थ अपकीर्ती असा होतो. ब्रोकाने उत्तर दिले की, ‘आफाझी’ म्हणजे वादात बोलण्यासारखे काही न उरलेल्या माणसाची स्थिती. त्रुसोचा शब्द रूढ झाला. ज्यांच्यासाठी हे नामकरण चालले होते त्यांना दोन्ही शब्द सारखेच लागू पडत होते, ही टवाळी येथे टाळता येत नाही.

राहता राहिली बरणी. कथेचा सर्व भार तिच्यावर आहे, म्हणून तिच्यात काय आहे तेही पाहिले पाहिजे. मेंदूचे वजन 987 ग्रॅम भरले. त्या वयाच्या पुरुषांच्या सरासरीहून सुमारे चारशे ग्रॅम कमी. डाव्या बाजूस कोंबडीचे अंडे मावेल एवढी पोकळी होती. पण ललाटखंडाची तिसरी वळी हीच इजेची एकमेव जागा होती असे ब्रोकाने कधीच म्हटले नाही. नाश दूरवर पसरलेला त्याला दिसत होता. त्याने एक अनुमान केले: पहिली दहा वर्षे केवळ वाचा गेलेली होती, पुढची अकरा वर्षे अंगही, म्हणून जो भाग सर्वांत जुना सडलेला दिसतो तो वाणीचा. म्हणजे मेंदूतील अवकाश त्याने रुग्णाच्या चरित्रातील काळाच्या आधारे वाचला. हे अनुमान बुद्धिमान आहे, पण ते एका कथेवर, आणि तीही इतरांकडून ऐकलेल्या कथेवर, उभे आहे. डाव्या गोलार्धाचा सिद्धान्त तर 1865 मध्ये आला, आणि तोवर मार्क डाक्सचे 1836 चे टिपण त्याच्या मुलाने पुढे आणले होते. 1906 मध्ये प्येर मारीने तिसऱ्या वळीचा वाणीशी विशेष संबंध नाही असेच जाहीर करून टाकले.

ब्रोकाने तो मेंदू कापला नाही, अखंड राखला. यासाठी त्याचे ऋण मानले पाहिजे. त्यामुळेच 1980 च्या दशकाच्या आरंभी तो सीटी यंत्राखाली ठेवता आला, आणि 2007 मध्ये नीना ड्रॉन्कर्स व तिच्या सहकाऱ्यांनी दोन्ही रुग्णांच्या मेंदूंची एमआरआय चित्रे प्रसिद्ध केली. लबोर्न्यची इजा आत खोल, पुढचे व मागचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यापर्यंत गेलेली निघाली. ललोंच्या मेंदूत तर ‘ब्रोकाचे क्षेत्र’ म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या भागाचा पुढचा अर्धा भाग शाबूतच होता. हे मेंदू ज्या द्युप्वित्रँ संग्रहालयात होते ते 2016 मध्ये बंद झाले आणि तेथील संग्रह पॅरिसच्याच ज्युस्यू परिसरात हलविण्यात आला. खुद्द ब्रोकाचा मेंदूही दुसऱ्या एका संग्रहालयातील बरणीत आपण पाहिला, असे कार्ल सेगनने 1979 च्या पुस्तकात लिहिले आहे. तो योगायोग कथाकारांना फार आवडतो. त्यापलीकडे त्यात काही नाही.

2013 मध्ये पोलिश इतिहासकार त्सेझारी दोमान्स्की याने जुन्या दप्तरांतून लबोर्न्यचे चरित्र शोधून काढले. त्याचे पूर्ण नाव लुई व्हिक्तोर लबोर्न्य. जन्म 1809 मध्ये मोरे या गावी. बाप प्राथमिक शिक्षक. एकशे बावन्न वर्षांनी या माणसाला पहिले नाव मिळाले. मात्र याच शोधाबरोबर एक नवी कथाही जन्मास आली. मोरे येथे कातडी कमावण्याचा धंदा होता, आणि त्यासाठी दळल्या जाणाऱ्या ओकच्या सालीस फ्रेंचमध्ये ‘तां’ म्हणतात. तेव्हा त्या गिरण्यांची बालपणीची आठवण या अक्षरात उरली असेल काय, असे दोमान्स्की सुचवितो. सूचना मोहक आहे. पण हाच उच्चार ‘काळ’, ‘इतका’, ‘ताणतो’ अशा अर्थांच्या शब्दांचाही आहे, आणि त्यांपैकी प्रत्येकावर तितकीच मोहक कथा रचता येईल. जॅक्सननेही असे रुग्ण सांगितले आहेत: ‘माझ्याकडे या’ एवढेच म्हणणारा रेल्वेचा सिग्नलवाला, ‘यादी पूर्ण’ एवढेच म्हणणारा, सूची करता करता आजारी पडलेला कारकून. आघाताच्या क्षणी ओठांवर असलेले शब्द तसेच थिजून राहिले, अशी त्याची कल्पना. वाक्ये असतील तेथे तिला काही आधार तरी आहे. एका अक्षराला तोच न्याय लावणे म्हणजे निरर्थकता सहन न होऊन अर्थ बसविणे होय, आणि कथाकार करीत आले ते हेच.

ब्रोकाच्या टिपणातील एका वाक्याकडे मात्र कथाकारांपैकी कोणीच वळलेले दिसत नाही. लबोर्न्यची बुद्धी पूर्णपणे शाबूत नव्हती हे दाखविण्यासाठी ब्रोका जी उदाहरणे देतो, त्यांत एक असे: याला मुले नाहीत, तरी विचारले असता आहेत असे त्याने कळविले. शिवीखेरीज एकच अक्षर असलेल्या माणसाने, तेही ‘होय’ व ‘नाही’ दोहोंसाठी तेच अक्षर वापरीत असताना, एका चालत्या हाताने दिलेले हे उत्तर. प्रश्न कसा विचारला, हाताने नेमके काय केले, त्याचा अर्थ कोणी लावला, यांपैकी एकही गोष्ट नोंदलेली नाही. सहा महिन्यांनी ललोंने त्याच प्रश्नाला तोंडाने ‘तीन’ म्हणत चार बोटे वर केली, तेव्हा ब्रोकाने तोंडावर विश्वास ठेवला नाही, बोटांवर ठेवला.